ज्योत्स्ना भोये आणि नऊ कारखान्यांची सरासरी

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा व्हॉल्व्ह बनवायचा कारखाना आहे. ‘आमचा’ म्हणायची सवय जात नाही. तिथल्या खरेदी विभागात मी एकतीस वर्षं काढली आणि गेल्या मार्चमध्ये निवृत्त झालो. निरोप समारंभात लोक माझ्याविषयी बरंच चांगलं बोलले. त्यातलं निम्मं खरं नव्हतं, हे मला आणि समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या ज्योत्स्ना भोयेला ठाऊक होतं. तिच्याबद्दल मात्र त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. ते राहून गेलेलं आज लिहितो आहे.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका प्रिंटरमुळे. बारा-तेरा वर्षं झाली. राजकोटला जायचा ट्रक भरून गेटवर उभा होता आणि मालासोबत द्यायचं चलन काही छापलं जात नव्हतं. शरणपूर रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानात फोन केला, तर त्यांनी पाठीवर सॅक घेतलेली एक बारीकशी मुलगी पाठवली. आमचे तिघं एकदमच तिला सांगायला लागले, व्हायरस असेल, शाई असेल, विंडोज गेली असेल. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे?”

 शेवटी झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, “टेबल सरकवलंय की. पंख्याखाली घेतलंय.”

ती टेबलामागे वाकली. केबल टेबलाच्या पायाखाली चेंगरली होती. वीस मिनिटांत ट्रक गेटबाहेर पडला. आमचे मालक भारतशेठ विधाते केबिनच्या दारातून बघत होते. शेठ मखमलाबादचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. एका जुन्या लेथवर सुरुवात करून अडीचशे माणसांचा कारखाना उभा केलेला माणूस. त्यांनी तिला तिथंच विचारलं, “दुकानवाला काय देतो तुला? दीडपट देतो. सोमवारी ये.”

ती आली आणि राहिलीच.

तिचं घर सुरगाण्याच्या पुढे एका पाड्यावर. वडील मंगळू आणि आई झुंबरबाई यांची डोंगरउतारावर थोडी भातशेती आणि नागली. भात कापून झालं की घराला कडी लावून दोघं दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामाला यायचे ते थेट होळीपर्यंत. पोरीला त्यांनी आश्रमशाळेत ठेवलं, पुढे ती नाशिकच्या वसतिगृहात आली आणि पॉलिटेक्निकचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा तिनं पहिल्या वर्गात पूर्ण केला. तिचा नवरा मनोज पेठ तालुक्यात मास्तर आहे, शनिवारी येतो. ती पाथर्डी फाट्याला राहते. हे सगळं मला तिनं आपणहून कधी सांगितलं नाही. डबा खाताना तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. एकदा मंगळूबाबा तिला भेटायला कारखान्यात आले होते. तिनं त्यांना थंडगार सर्व्हर रूम दाखवली. ते डोक्यावरची टोपी सावरत दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. “बेस आहा,” म्हणाले आणि मग हळूच मला विचारलं, “साहेब, पोर एकटी सांभाळते का हे?”

एकटीच सांभाळायची. नंतर तिच्या हाताखाली केरू आला. केरू पन्नाशीचा, आधी आमच्याच पॅकिंगमध्ये होता. पाठीचं दुखणं लागलं म्हणून त्याला काढणार होते, तेव्हा तिनं मागून घेतला आणि केबल ओढायला, जोडायला शिकवलं. पुढे चैताली आली, ती सॉफ्टवेअरचं बघायची. तिघांचा विभाग. पण त्याला कुणी विभाग म्हणत नसे. सगळे म्हणत ‘कॉम्प्युटर’. “कॉम्प्युटरला सांग”, “कॉम्प्युटरवाल्या बाईंना बोलव.” तिच्या दारावर पाटीही नव्हती.

दर वर्षी फेब्रुवारीत ती माझ्याकडे एक कागद घेऊन यायची. पुढच्या वर्षी काय काय लागेल त्याची यादी. त्यात एक ओळ ठरलेली: सगळ्या माहितीची दुसरी प्रत कारखान्याबाहेर ठेवायची सोय. आग लागली, चोरी झाली, बाहेरून कोणी हल्ला केला, तर सगळं परत उभं करता यावं म्हणून. ती ओळ मी तीन वर्षं खोडली. “चालतंय ना सगळं?” असं म्हणून खोडली. ती म्हणायची, “चालतंय काका, म्हणूनच आत्ता करायला पाहिजे.” मी हसायचो.

तीन वर्षांपूर्वी शेठची मुलगी आरोही शिक्षण संपवून कारभारात आली. हुशार, कामाला वाघ, पण घाईची. तिनं पुण्याहून एक सल्लागार आणला. त्यानं महिनाभर आमचे सगळे खर्च तपासले आणि साठ पानांचा अहवाल दिला. त्यातलं एक पान कॉम्प्युटरचं होतं. त्यात दोन उभे पट्टे काढलेले, एक बुटका निळा, एक उंच लाल. निळा म्हणजे या उद्योगातल्या कारखान्यांची सरासरी: शंभर रुपयांच्या विक्रीमागे कॉम्प्युटर, सर्व्हर, इंटरनेट, सॉफ्टवेअर यांवर एक रुपया साठ पैसे. लाल म्हणजे आम्ही: दोन रुपये पंचेचाळीस पैसे. खाली शिफारस: हा खर्च एक तृतीयांशानं कमी करावा, विभागात तीनऐवजी एकच माणूस ठेवावा, उरलेलं काम बाहेरच्या कंपनीला द्यावं.

बैठकीला मी होतो, ज्योत्स्ना होती. पडद्यावर तो लाल पट्टा आला तसं सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं जिच्याकडे कुणी पाहिलं नाही, तिच्याकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं ते असं.

शेठ म्हणाले, “ज्योत्स्ना, मी तर समजत होतो की तू काटकसर करतेस.”

तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. सल्लागाराला म्हणाली, “सर, ही सरासरी कुणाची?”

“इंडस्ट्रीची.”

“म्हणजे किती कारखाने? केवढाले?”

त्यानं शेवटची पानं उलटली. बासष्ट कंपन्या होत्या. त्यातल्या चाळीसएक कंपन्यांची विक्री हजार कोटींच्या वर.

“आपली विक्री साठ कोटी आहे,” ती म्हणाली. “दहा हजार माणसांना एक सर्व्हर रूम लागते, तशी अडीचशे माणसांनाही एक लागतेच. त्यांचा पैसा पसरतो, आपला नाही पसरत. त्यांच्याशी तुलना केली तर आपण नेहमीच उधळे दिसू.”

“मॅडम, सरासरी म्हणजे सरासरी,” तो म्हणाला. उद्धटपणे नाही, शांतपणेच म्हणाला. त्यालाही पुढची अठ्ठावन्न पानं दाखवायची होती.

मग तिनं एक गोष्ट सांगितली. त्या टेबलाशी बसून एवढं ती पहिल्यांदाच बोलत होती. “आमच्या आश्रमशाळेत दर सहा महिन्यांनी मुलांचं वजन करायचे. पहिली ते दहावी, सगळ्यांचं मिळून सरासरी काढायचे आणि वहीत लिहायचे, ‘समाधानकारक’. दहावीतली पोरं थोराड असायची. माझ्या शेजारी झोपायची ती दुसरीतली मुलगी हाडं दिसेपर्यंत वाळली होती. तिचं पण वजन त्या सरासरीत होतं.”

 आरोहीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, “मग तुमच्या मते कुणाशी तुलना करायची?”

“आपल्याएवढ्यांशी. मला तीन आठवडे द्या, मी आकडे आणते. तोवर केरूदादा आणि चैतालीला काही सांगू नका.”

तीन आठवडे मिळाले. पण आकडे आणायचे कुठून? कोणता कारखाना आपला खर्च शेजाऱ्याला सांगेल? ती दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आली. “काका, सातपूर, सिन्नर, गोंदे, सगळीकडचे खरेदीवाले तुम्हाला ओळखतात. मला फक्त दारापर्यंत नेऊन सोडा.”

मी गेलो. खरं सांगायचं तर उपकार करतो आहे अशा थाटात गेलो.

तिनं एक पानाचा तक्ता बनवला होता. कारखान्याचं नाव नको, विक्री किती तेही नको, फक्त शंभर रुपयांमागे किती. आणि खाली नीट लिहिलेलं: काय धरायचं, काय धरायचं नाही. पगार धरायचे. इंटरनेट धरायचं. मशीनमधलं कंट्रोल पॅनेल धरायचं नाही, ते मशीनच्या खर्चात. गेटवरचे कॅमेरे धरायचे नाहीत, ते सुरक्षेच्या खर्चात. “सगळ्यांनी एकाच मापानं मोजलं पाहिजे,” ती म्हणाली, “नाहीतर कुणाचा पायलीचा हिशोब, कुणाचा किलोचा.”

सातपूरच्या एका गिअरच्या कारखान्यात मनीषा म्हणून बाई होत्या, तिच्यासारखंच काम करणाऱ्या. त्यांनी कागद वाचला आणि परत केला. “आमचे साहेब म्हणतील आकडे बाहेर गेले. माझी नोकरी जाईल हो.” ज्योत्स्ना म्हणाली, “बरोबर आहे ताई, राहू द्या.” निघताना तिनं त्यांच्या टेबलावरच्या गरम होऊन घोंघावणाऱ्या बॅटरीच्या डब्याला हात लावून पाहिला. “ही फुगलीय. आजच्या आज बदला, पेट घेईल.” मनीषाबाईंनी दोन दिवसांनी फोन केला. बॅटरी खरंच फुगली होती. आकडा त्यांनी फोनवरच सांगितला आणि वर आणखी दोन कारखान्यांतल्या माणसांची नावं दिली.

सिन्नरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात सहादू भेटला. सिन्नरजवळच्याच खेड्यातला, चाळिशीचा, तंबाखू मळत बोलणारा. त्याचा आकडा सगळ्यांत कमी निघाला, शंभरामागे साठ पैसे. मी ज्योत्स्नाकडे पाहिलं. हा आकडा आमच्या बाजूचा नव्हता. तिनं तो लिहून घेतला आणि विचारलं, “एवढ्यात कसं भागवता, दादा?”

सहादू हसला. “भागत नाय ताई. कागदावर लय छान दिसतं. दिवाळीच्या आधी एक दिवस सकाळी आलो, तर सगळ्या स्क्रीनवर इंग्रजीत चिठ्ठी. पैसे द्या, नायतर सगळं कुलूपबंद. दुसरी प्रत होती कुठं? अकरा दिवस एक गाडी बाहेर पडली नाय. माणसं वहीवर हातानं लिहीत होती. दोन मोठी गिऱ्हाइकं गेली ती गेलीच.”

“मग ते नुकसान कशात धरलं?”

“कशातच नाय. शेठ म्हणले, औंदा मार्केट थंड हाय.” त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाला, “तुमच्या कागदावर हे पण लिहा. आमचं नाव घालू नका, पण लिहा.”

परतीच्या वाटेवर तिनं सहादूचं म्हणणं तक्त्याच्या मागे लिहून घेतलं.  सहादूनं ‘दुसरी प्रत’ म्हटलं तेव्हापासून मला माझी लाल शाईची रेघ दिसत होती.

नऊ कारखान्यांचे आकडे जमले. आता आमचा आकडा त्याच मापानं काढायचा होता. त्यासाठी तिनं वर्षभराच्या खरेदीच्या ऑर्डरी मागितल्या. त्या माझ्याच कपाटात होत्या. त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती आली आणि पाच कागद माझ्यासमोर एकेक करून ठेवले.

तीन मशीनच्या नव्या कंट्रोल पॅनेलची ऑर्डर. गेटवरच्या आणि गोदामातल्या कॅमेऱ्यांची. प्रदर्शनात लावलेल्या मोठ्या पडद्याची. शेठच्या घरच्या फोन-लॅपटॉपची. केबिनमधल्या नव्या एसीची. पाचही ऑर्डरींवर विभाग लिहिलेला: कॉम्प्युटर. अक्षर माझं.

असं का केलं, ते सांगणं सोपं आहे. मशीनच्या खर्चावर शेठची बारीक नजर असायची, ते प्रत्येक स्क्रूबद्दल विचारत. कॉम्प्युटरमधलं कोणालाच काही कळत नव्हतं. कोणी अडवणारं नव्हतं. कुठला खर्च कुठे बसत नसला की सगळे म्हणायचे, “टाका कॉम्प्युटरमध्ये.” मी टाकायचो. वर्षानुवर्षं टाकत होतो. मी एक पैसा खाल्ला नाही. पण तो लाल पट्टा उंच केला तो मीच, आणि बैठकीत सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा मी शेजारी बसून चहा पीत होतो.

“काका,” ती म्हणाली, “हे पाच काढले तर आपला आकडा दोन पंचेचाळीस नाही, एक पंचावन्न होतो. नऊ जणांची सरासरी एक नव्वद आहे. आपण सरासरीच्या खाली आहोत.”

“मग मांड ना.”

“मांडले तर विचारतील, हे इथं कुणी लिहिलं.” ती कागदांच्या कडा सारख्या करत होती. “तुमची दोन वर्षं राहिलीत. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून ठेवणार आहेत असं ऐकलंय. तुम्ही नको म्हणालात तर मी नुसती नऊ जणांची सरासरी दाखवेन. त्यानंही थोडं काम होईल.”

“थोडं म्हणजे?”

“चैताली राहील बहुतेक. केरूदादाचं काही सांगता येत नाही.”

मी तिला लगेच ‘मांड’ म्हणालो असतो तर आज मला सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. “उद्या सांगतो,” म्हणालो. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “त्या केरूची पाठ तुमच्या पॅकिंगमध्येच गेली ना?” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. ज्योत्स्नानं तिचा तक्ता लावला. अ, ब, क अशी नऊ कारखान्यांची अक्षरं, पुढे आकडे. सहादूचे साठ पैसे तिनं लपवले नव्हते. त्याच्यापुढे लिहिलं होतं: अकरा दिवस काम बंद, दोन ग्राहक गेले, हे नुकसान धरलेलं नाही. मग आमचा आकडा यायच्या आधी ती थांबली आणि म्हणाली, “आधी माझी चूक सांगते. पाच वर्षांपूर्वी मी जो सर्व्हर मागितला, तो गरजेच्या दुप्पट होता. विकणाऱ्याच्या बोलण्यात आले, नीट मोजलं नाही. ते पैसे वाया गेले. तेवढ्यात दुसऱ्या प्रतीची सोय होऊन गेली असती.”

हे मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं नसतं तर कुणालाच कधी कळलं नसतं.

मी उभा राहिलो.  “शेठ, आपला आकडा मी सांगतो,” म्हणालो आणि पाचही ऑर्डरी वाचून दाखवल्या. कुणी लिहिल्या तेही सांगितलं.

शेठ लाल झाले. “काठे, तीस वर्षं विश्वास ठेवला तुमच्यावर!”

“चोरी नाही केली शेठ. पण खोटं लिहिलं.”

आरोहीनं वडिलांच्या हातावर हात ठेवला. ती माझ्याकडे नाही, तक्त्याकडे बघत होती. सल्लागाराला म्हणाली, “तुम्ही आमचे विभाग तपासले होते का, की आम्ही दिलं तसंच घेतलं?” त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, “दिलं तसं घेतलं.” मग तिनं ज्योत्स्नाला विचारलं, “आपण सरासरीच्या खाली आहोत, म्हणजे शाबासकीची गोष्ट आहे का?”

“नाही मॅडम,” ज्योत्स्ना म्हणाली. “सहादू... म्हणजे तो साठ पैशांचा कारखाना आपल्याहून खाली आहे. खाली असणं म्हणजे चांगलं असं नाही. कुठल्या गोष्टीवर शून्य आहे ते बघायचं. आपलं दुसऱ्या प्रतीवर शून्य आहे.”

सगळं काही गोड झालं नाही. केरू राहिला, चैताली राहिली. दुसऱ्या प्रतीसाठी मागितले त्याच्या निम्मे मिळाले, उरलेले पुढच्या वर्षी. शेठ माझ्याशी सहा महिने कामापुरतंच बोलले. निवृत्तीनंतर मला ठेवायचं ते बारगळलं. नाराज झालो नाही असं म्हटलं तर खोटं होईल, पण ती नाराजी फार टिकली नाही.

ज्योत्स्नाचा पगार वाढला, हुद्दा मात्र अजून ‘इन-चार्ज’च आहे. आरोही म्हणते, होईल. दारावर पाटी लागली आहे, ती केरूनं स्वतः ड्रिलनं बसवली, जरा तिरकी.

खरं काम वेगळंच झालं. ते नऊ जण एकमेकांना ओळखायला लागले. तीन महिन्यांतून एकदा शनिवारी दुपारी सातपूरच्या एका हॉटेलात जमतात, मिसळ खातात आणि बोलतात: कुठला विक्रेता दुप्पट भाव सांगतो, कुणाचं इंटरनेट पावसात बंद पडतं, कुणाकडे नवी चिठ्ठी आली. तक्ता दर वर्षी नव्यानं भरतात. यंदा चौदा कारखाने आहेत. मला एकदा तिनं बोलावलं होतं. सहादूचा आकडा आता एक रुपया चाळीस झाला आहे. तो त्यानं असा सांगितला, जसा एखादा बाप मुलाचे मार्क सांगतो. मनीषाबाई म्हणाल्या, आमच्या साहेबांनीच या वेळी विचारलं, तक्ता कधी येणार म्हणून.

ज्योत्स्ना कोपऱ्यात बसून सगळ्यांचे कागद तपासत होती. एकानं कॅमेऱ्यांचा खर्च धरला होता, तो तिनं शांतपणे काढायला लावला. तो म्हणाला, “अहो मॅडम, पंधरा पैशांनी काय फरक पडतो?”

“तुमच्याकडे कुणाची तरी नोकरी असेल त्या पंधरा पैशांत,” ती म्हणाली, आणि पेन त्याच्या हातात दिलं.